जिन्याच्या वळणावर थांबलेला दादा

आज दुपारी दादा आमच्याकडे आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याची पावले मला जिन्यातच ओळखू येतात. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पावले थांबली. मी दार उघडून खाली वाकून पाहिले, तर एक हात कठड्यावर टेकवून तो दुसऱ्या हातातल्या मोबाइलकडे बघत उभा होता आणि मोबाइलचा पडदा काळा होता. धाप लागली आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून माणूस काय काय करतो, हे ज्यांच्या घरात वर्षानुवर्षे सिगारेट ओढणारे कोणी आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको.

मी काही बोलले नाही. तो वर आला, पाणी प्यायला, आणि तेवढ्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकली की व्हेपविरुद्धची, म्हणजे निकोटिनचे द्रव (लिक्विड) तापवून झुरके घ्यायच्या ई-सिगारेटविरुद्धची, कारवाई आणखी कडक होणार आहे. बातमीखाली टाळ्यांची रांग लागली. ‘बरे झाले, एक व्यसन तरी हद्दपार झाले,’ असे एका काकांनी लिहिले. दादाने ते वाचले, मोबाइल पालथा ठेवला आणि ‘जरा खाली जाऊन येतो’ म्हणून उठला. तो खाली कशासाठी जातो हे घरातल्या लहान मुलांनाही माहीत आहे. काकांचा हेतू वाईट नाही हे मला कळते, पण त्या टाळ्या पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याहून जास्त राग आला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

दादाने पहिली सिगारेट सतराव्या वर्षी ओढली आणि पुढची एकतीस वर्षे तो ओढत राहिला. सोडण्याचे त्याने किती प्रयत्न केले याची मोजदाद वहिनीकडेही नसेल. शपथा घेऊन झाल्या, नवे वर्ष, मुलीचा वाढदिवस असे मुहूर्त धरून झाले, निकोटिनचे च्युइंगम झाले. दर वेळी दहाबारा दिवस बरे जात आणि मग एखाद्या संध्याकाळी तो उशिरा घरी येई, तेव्हा शर्टाच्या वासावरूनच सगळे कळत असे. अशा माणसाच्या हातात एका सहकाऱ्याने व्हेप दिले. सुरुवातीला त्याने तंबाखूच्या चवीचे लिक्विड घेतले आणि तिथेच फसला, कारण प्रत्येक झुरक्याला त्याला खऱ्या सिगारेटची आठवण होत होती. तीन आठवडे दोन्ही चालू होते. मग त्याने पुदिन्याची चव घेतली आणि हळूहळू सिगारेटचे पाकीट खणात मागे मागे सरकत गेले. त्यातल्या शेवटच्या चार सिगारेटी कित्येक महिने तशाच पडून होत्या.

त्या काळातला एक दिवस मी विसरू शकत नाही. थंडी सुरू झाली होती, दादाने कपाटातून आदल्या वर्षीचा स्वेटर काढला, नाकाशी नेला आणि तसाच उभा राहिला. ‘अगं, हा वास माझ्या अंगाला यायचा का?’ असे त्याने मला विचारले. मी हो म्हणाले. त्याने तो स्वेटर स्वतःच्या हाताने दोनदा धुतला. त्याच महिन्यात केव्हातरी तो आमच्याकडे आला तेव्हा दुसऱ्या मजल्यावर पावले थांबली नाहीत. सरळ वर आली. मी दार उघडले तेव्हा तो हसत उभा होता, कारण मी काय ऐकत होते हे त्यालाही ठाऊक होते.

चौदा महिने ती पावले थांबली नाहीत.

मग व्हेपवर बंदी घालणारा नियम आला. हाताशी असलेले लिक्विड त्याने पुरवून पुरवून वापरले. त्या यंत्रातली कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, काही दिवसांनी बदलावी लागते, नाहीतर कापूस जळाल्यासारखी करपट चव येऊ लागते. नवी कॉइल मिळेना. कोणीतरी चोरून विकणाऱ्याचा पत्ता दिला, पण त्या बाटलीवर ना नाव होते ना निकोटिनचे प्रमाण, आणि तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हते. दादाने ती बाटली परत केली. त्याच संध्याकाळी त्याने सिगारेटचे पाकीट घेतले, कारण ते घेताना कोणाला चोरून भेटावे लागत नाही. जळता तंबाखू राजरोस मिळतो आणि त्यापासून सुटण्याची वाट मात्र गुन्हा ठरते, असा हा हिशेब कोणत्या शहाण्या माणसाने मांडला हे मला एकदा तरी समजून घ्यायचे आहे.

माणूस निकोटिनच्या तलफेपायी सिगारेट ओढतो, पण त्याचा जीव घेतो तो मुख्यतः धूर. झुरका घेताना सिगारेटचे टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्या ज्वलनातून हजारो रसायने तयार होतात. कर्करोगाला कारण ठरणारी निदान सत्तर द्रव्ये त्यांत असतात, फुप्फुसांत साचणारे डांबर असते आणि रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावणारा कार्बन मोनॉक्साइडही असतो. व्हेपमध्ये तंबाखू नसतो आणि काही जळतही नाही, तर प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि चवीची द्रव्ये यांचे मिश्रण तापून त्याचे तुषार होतात. हॉन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये हे यंत्र बनवले, तोही स्वतः सिगारेटच्या विळख्यात सापडलेला होता. आणि निकोटिनलाच विष समजणाऱ्यांना मी एवढेच सांगते की निकोटिनचे च्युइंगम आणि अंगाला चिकटवायची पट्टी यांना जागतिक आरोग्य संघटनेने २००९ पासून आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले आहे. निकोटिनची सवय लागते आणि ती चिवट असते, हे मी मान्य करते. दादाची ती सवय व्हेपनेही सुटली नव्हती.

पण त्याचा खोकला थांबला होता. तो जिना चढत होता.

इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये स्वच्छ शब्दांत सांगितले की व्हेप हे सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. त्या आकड्यावर वाद झाले, तो नेमका किती हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तीस वर्षांनी काय दिसेल हे आज कोणालाच ठाऊक नाही, हेही खरे. परंतु सिगारेटने तीस वर्षांनी काय दिसते हे तर आपण सगळ्यांनी आपापल्या घरांत पाहिले आहे. तंबाखूपायी जगात दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक माणसे मरतात. त्याच इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निकोटिनची पट्टी, च्युइंगम वगैरे वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के लोक वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर होते, तर व्हेप वापरणाऱ्यांपैकी १८ टक्के. त्यांच्यातले बहुतेक तेव्हाही व्हेप ओढत होते, असे कोणी लगेच म्हणेल. ओढत होते, खरे आहे. दादाही ओढत होता, आणि त्याच्या मुलीच्या अंगाला धुराचा वास येत नव्हता.

आता सरकारांचे पाहा. भारताने २०१९ मध्ये व्हेपचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर सरसकट बंदी घातली. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने झाकला, पण पाकीट विक्रीला राहिलेच. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून निकोटिनच्या व्हेपसाठी डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली, म्हणजे कर्करोग देणारी वस्तू उचलायला चिठ्ठी नको आणि ती सोडायला हवी. तिथे काळा बाजार इतका फोफावला की २०२४ मध्ये सरकारने सगळी विक्री औषधांच्या दुकानांत नेली आणि मग काही मर्यादांत प्रौढांसाठी चिठ्ठीची अट सैल केली. याउलट युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात निकोटिनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ठेवली, बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नको असे ठरवले, घटकांची नोंद सक्तीची केली, आणि एवढे करून वस्तू उघडपणे मिळू दिली. याला मी नियमन म्हणते. बाटलीत काय आहे हे बाटलीवर लिहिलेले असणे, ही दादासारख्याची एवढी साधी गरज आहे.

न्यूझीलंडने २०२० मध्ये व्हेपसाठी कायदा केला, पण प्रौढांना ते मिळू दिले. तिथे २०११-१२ मध्ये रोज सिगारेट ओढणारे प्रौढ १६ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०२३ पर्यंत ७ टक्क्यांच्या आसपास आले. सगळे श्रेय व्हेपचे नाही, तिथे करही जबर होते, आणि तिथल्या किशोरवयीन मुलांमध्ये व्हेप वाढले, ही गोष्ट मला आवडो न आवडो, लिहिलीच पाहिजे.

मुलांचा विषय निघाला की माझा आवाज खाली येतो. मलाही मुले आहेत. खेळण्यासारखी रंगीबेरंगी, वापरून फेकून द्यायची ती यंत्रे शाळकरी मुलांच्या दप्तरांत सापडतात, तेव्हा आईबापांच्या पोटात गोळा येणारच. ब्रिटनने जून २०२५ पासून त्या फेकाऊ यंत्रांवर बंदी घातली, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला विकणाऱ्याला जबर दंड करा, जाहिराती बंद करा, कार्टूनची चित्रे आणि मिठाईची नावे काढून टाका, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण चवींवर सरसकट घाला घालताना थोडे थांबा. दादाला पुदिन्याची चव मुलांसारखी मौज म्हणून नको होती. एकतीस वर्षे जिभेवर बसलेली तंबाखूची चव त्याला विसरायची होती, आणि तुम्ही त्याला पुन्हा तंबाखूच्याच चवीकडे ढकलता.

आणखी एक गोष्ट मला फार सलते. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसांच्या विचित्र आजाराने लोक दगावले, फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यूंची नोंद झाली, आणि जगभर मथळे आले की व्हेपने माणसे मरत आहेत. पुढे उघड झाले की दोष प्रामुख्याने गांजातले द्रव्य भरलेल्या, बहुतांशी चोरट्या मार्गाने आलेल्या कुप्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा होता. भीती मात्र लोकांच्या मनात घर करून राहिली. त्या मृत्यूंनी खरे तर सांगितले होते की वस्तू चोरबाजारात गेली की तिच्यात काय मिसळले जाते यावर कोणाचा ताबा राहत नाही, आणि त्यातून अनेक ठिकाणी निष्कर्ष निघाला तो वस्तू चोरबाजारातच ढकलण्याचा. दादाच्या हातात आलेली ती बिननावाची बाटली मला अजून दिसते. त्याने ती परत केली म्हणून मी देवाचे आभार मानले होते. त्याच संध्याकाळी त्याने पाकीट घेतले, हे मला नंतर कळले.

मी हे लिहीत असताना वहिनीचा फोन आला, तेव्हा राग जरा निवळला. ती म्हणाली की सरकारला तरी किती दोष देणार, शेवटी पाकीट त्याने स्वतःच्या हाताने घेतले. तिचे बरोबर आहे. तिने तीस वर्षे सहन केले आहे, तिला असे म्हणण्याचा अधिकार आहे. मी तिला एवढेच विचारले की ते चौदा महिने तुला कसे गेले. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की त्या दिवसांत रात्री त्याच्या खोकल्याने जाग येत नव्हती, तरी ती सवयीने उठून बसायची आणि तो नीट श्वास घेतो आहे ना हे बघायची.

ज्यांनी कधीच सिगारेट ओढली नाही त्यांनी व्हेपला हात लावू नये, हे मी माझ्या मुलांना सांगते आणि सांगत राहीन. पण जे आधीच धुरात बुडालेले आहेत त्यांच्यासाठी नियम लिहिताना व्हेपची तुलना सिगारेटशी झाली पाहिजे. स्वच्छ हवेशी ती करून उपयोग नाही, कारण दादाच्या वाट्याला ती निवड कधी आलीच नव्हती. त्याच्यासमोर पाकीट होते आणि ते यंत्र होते. यंत्र काढून घेतले, पाकीट उरले.

संध्याकाळी तो निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर खाली उतरले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो आपणहून थांबला, या वेळी मोबाइल न काढता, आणि म्हणाला की पुन्हा एकदा सोडून बघायची आहे, या वेळी डॉक्टरांना विचारून पट्टी आणि च्युइंगम दोन्ही एकत्र घेऊन. गेल्या वेळी नुसत्या च्युइंगमने जमले नव्हते, हे त्यानेच मला आठवण करून दिले. परवाची वेळ घेतली आहे, मी बरोबर जाणार आहे. तुमच्यापैकी कोणी पट्टीच्या आधाराने सिगारेट सोडली असेल, तर पहिले दोन आठवडे तुम्ही कसे काढले, रात्री झोप लागत होती का, जेवणानंतरच्या तलफेचे काय केले, हे मला इथे किंवा इनबॉक्समध्ये सविस्तर लिहा. मी त्याला वाचून दाखवणार आहे.