कोरड्या पत्र्याचे फायदे

एप्रिल आला, शेडमध्ये उभं राहवेना, म्हणून तुम्ही यंत्रमागांच्या छपराचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवून रंगीत पत्रे टाकायचं ठरवलंत. उत्तम. आता कुणीतरी शहाणा येऊन सांगेल, यात ॲस्बेस्टॉस नावाचं धागेदार खनिज आहे, धूळ उडू नये म्हणून आधी भिजवा. त्याला विचारा, सोलापुरात काही दिवसांआड येणारं पाणी पत्र्याला पाजू का? शेतातला पाठीवरचा १६ लिटरचा पंप घ्यावा, त्यात थोडं भांड्यांचं लिक्विड टाकावं म्हणजे पाणी भेगांत मुरतं, आणि हलका फवारा मारावा, एवढंच ते काम. पण हे त्याला बोलू देऊ नका.

नट गंजलेत. पान्यानं सोडवत किंवा हुक बोल्ट-कटरनं तोडत बसलात तर अख्खा दिवस जातो. ग्राइंडर लावा! पांढरा ढग उठतो, काम चाललंय हे गल्लीभर कळतं. त्या ढगातला खरा कामाचा माल मात्र डोळ्यांना दिसत नाही: ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, ३ मायक्रॉनपेक्षा बारीक ॲस्बेस्टॉसचे धागे. ते फुप्फुसात खोल शिरतात आणि बरेचसे तिथंच मुक्काम ठोकतात. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीत हवेच्या एका घन सेंटिमीटरला सरासरी ०.१ धागा एवढीच मुभा आहे. कंजूषपणा नुसता.

पत्रा दोरीनं अख्खा खाली सोडू नका, वरूनच फेका. तुकडे झाले की टेम्पोत जास्त मावतात. फळी न टाकता पत्र्यावरून चाला. उन्हापावसानं तो इतका ठिसूळ झालेला असतो की खाली यायला शिडी लागत नाही.

तोंडाला टॉवेल बांधा. सोलापूरचा टॉवेल परदेशात खपतो, तो धागा अडवणार नाही म्हणजे काय? पी-१०० फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा, रबरी मास्क आणायचा, तर गालाला चपखल बसावा म्हणून दाढी काढायला लागते. हे कुणाला परवडतं?

खाली पडलेली भुकटी ओल्या फडक्यानं टिपून ते फडकंही पिशवीत घालणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. खराटा मारा, नाहीतर मागावरची रुई उडवता तसा कंप्रेसरचा झोत सोडा; खाली बसलेलं पुन्हा तासन्‌तास तरंगेल. तेच कपडे अंगावर घेऊन घरी जा. धुण्याआधी बायको झटकतेच, तिलाही वाटा मिळेल. १५० मायक्रॉन जाडीच्या दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवण्यापेक्षा तुकडे गोठ्यासमोरच्या चिखलात टाका. गुरांच्या पायाखाली छान बारीक होतात.

आणि निर्धास्त राहा. दम लागायला, कॅन्सर व्हायला बहुधा २० ते ४० वर्षं जातात. सुप्रीम कोर्टानं १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना बजावलं होतं: कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे उशिरा संपेल तोवर जपा. तुमचा कुठं कारखाना आहे? गडी नाक्यावरून आणलाय, संध्याकाळी हजेरी हातावर ठेवलीत की संपलं. नाव तरी विचारलंत का त्याचं?