यादीत नाव आहे

दहावीनंतर ज्याने कधी साधा दिवाळीचा मेसेज पाठवला नाही, तो वर्गमित्र फोन करून "काकूंची तब्येत कशी आहे?" विचारतो, तेव्हा मला आईपेक्षा स्वतःची काळजी वाटू लागते. पुढचं वाक्य ठरलेलं. "एक संधी आहे रे. फोनवर नाही सांगता येत, भेटूनच बोलू."

फोनवर लग्नं जमतात, मोडतातही. मग हेच का सांगता येत नाही? कंपनीचं नाव विचारलं तर "नावात अडकू नकोस, आधी प्लॅन बघ." "साबण विकायचाय का?" "छे! विकायचं काहीच नाही. फक्त माणसं जोडायची."

माणसं जोडण्याचा हॉल हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होता. भर एप्रिलात टाय लावलेले 'सर' कुणाच्या तरी गाडीला टेकून काढलेला फोटो दाखवत होते. "तुमचं स्वप्न काय?" म्हटलं, सोसायटीत पार्किंग मिळावं. सरांना माझी दया आली.

मग फळ्यावर गोल. तुम्ही सहा जण आणा, ते प्रत्येकी सहा आणतील. मी मोबाईलवर गुणाकार करत बसलो. दहाव्या पायरीला ६ कोटींच्या वर माणसं, अकराव्या पायरीला ३६ कोटी! २०११च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख. तेराव्या पायरीला १,३०६ कोटी, म्हणजे पृथ्वीसुद्धा पुरत नाही. "बाकीचे कुठून आणायचे?" असं विचारल्यावर सर म्हणाले, "असे प्रश्न पडतात म्हणूनच तुम्ही नोकरी करता." टाळ्या.

पुढे फॉर्म आला, पैशांच्या आकड्यासकट. १९७८पासून पैसे फिरवण्याच्या असल्या साखळ्यांवर कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीच्या २०२१च्या नियमांत पिरॅमिड योजना तर नाहीच चालत, प्रवेश फीसुद्धा घेता येत नाही. हे मी बोलून दाखवलं. "फी कुठाय? ही किटची किंमत आहे," मित्र म्हणाला. मग किट न घेता येतो, म्हटलं. "मग आयडी ॲक्टिव्ह होत नाही ना!"

पण किट हा किरकोळ भाग. खरा माल पुढेच होता. "शंभर नावांची यादी काढ. कोण येईल, कोण नाही, हे तू ठरवू नकोस. तुझ्या लग्नाच्या पत्रिकांची यादी असेल ना घरी?" माझे मामा, आत्या, ज्यांनी आहेरात भिंतीवरची घड्याळं दिली ते सगळे सज्जन! साबण नुसता तोंडी लावायला. विकायला काढली होती ती माझी सोयरीक. शिवाय "वहिनींना आत्ताच सांगू नकोस, घरचे निगेटिव्ह बोलतात" आणि "ऑफर आज रात्री बारापर्यंतच."

नमुना म्हणून त्याने स्वतःची यादी पुढे केली. मी आपलं नाव शोधलं. शेवटून तिसरं. वर बिल्डिंगचा लिफ्टमन, खाली एक खोडलेला दंतवैद्य. पाच वर्षं एका बाकावर बसायचो आम्ही. माझ्या डब्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीवर वाढलेला माणूस हा, आणि लिफ्टमन माझ्या वर?