‘पाच मिनिटांत हॅम अँटेना’: हा मेसेज पुढे पाठवू नका

परवा माझ्या भाच्याने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “मामा, रविवारी राजगडला चाललोय, तिथे हे करून बघू का?” तुमच्याकडेही तो आला असेल. ट्रेकिंगच्या ग्रुपांवर सध्या जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: वीस मीटर साधी वायर घ्या. एक टोक जवळच्या झाडाला किंवा लाइटच्या खांबाला जमेल तितकं उंच बांधा. दुसरं टोक ऑनलाइन मिळणाऱ्या वॉकीटॉकीला अँटेनाच्या जागी जोडा. पाच मिनिटांत हॅम रेडिओ तयार, मोबाइलला रेंज नसली तरी ५०० किलोमीटर बोला. संकटात लायसन्स लागत नाही. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून असाच संपर्क झाला होता. अँटेना जितकी उंच तितकी रेंज जास्त. ट्यूनर (संच आणि अँटेना यांचा मेळ घालणारा डबा) असला की वायरची लांबी कितीही चालते. शेवटी नेहमीचं, “सर्वांपर्यंत पोहोचवा”.

मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक आहे, डोंगरावर नेऊन झटपट उभ्या करायच्या अँटेना स्वतः बनवतो. माझ्याच घरातला मुलगा हे वाचून बॅग भरायला निघाला, म्हणून मुद्दे घेऊन उत्तर देतोय.

सगळ्यात आधी खांब. बाकीचं सगळं चुकलं तर फार तर आवाज पोहोचणार नाही. खांबाचं चुकलं तर माणूस जातो.

लाइटच्या खांबावर कुठल्या तारा आहेत हे खाली उभं राहून बहुतेकांना सांगता येत नाही. गावातल्या खांबावर घरगुती पुरवठ्याच्या तारा असतात, त्याच खांबावर वर ११ केव्हीची लाइन असू शकते. ११ केव्ही म्हणजे ११,००० व्होल्ट. आणि मेसेजमधली “साधी वायर”? इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायरचं बंडल आणा आणि खोक्यावर काय छापलंय ते वाचा: ११०० व्होल्ट. तेही कोऱ्या, न सोललेल्या, कोरड्या वायरचं. दगड बांधून भिरकावलेली वायर वाऱ्याने झोका घेऊन लाइनला लागली, तर प्लास्टिकचं ते आवरण काहीही वाचवणार नाही. आता वायरचं दुसरं टोक कुठे आहे बघा. मेसेजप्रमाणे ते हातातल्या वॉकीटॉकीत आहे, आणि माणूस पावसाळी डोंगरावर ओल्या जमिनीवर उभा आहे. करंटला याहून सोपी वाट कोणती?

“पण आम्ही तारांपासून लांब, खांबाच्या मधोमध बांधू,” असं भाचा म्हणाला. तेही नाही. लोखंडी खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला की अख्ख्या खांबात करंट उतरू शकतो. खांबाला आधार देणाऱ्या ताणाच्या तारेतही. म्हणूनच तर दर पावसाळ्यात महावितरण सांगतं की खांबाला गुरं बांधू नका, कपडे वाळत घालायची तार बांधू नका. अशा वाळवणीच्या तारेत करंट उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मग त्याच खांबाला वीस मीटर तांबं बांधा असं सांगणारा माणूस कोण?

ही माझी एकट्याची भीती नाही. अमेरिकेत हॅम परवान्याची सगळ्यात पहिली, सोपी परीक्षा ३५ प्रश्नांची असते, आणि तिची प्रश्नपेढी सगळ्यांसाठी खुली आहे. तिच्यात थेट प्रश्न आहे: विजेच्या खांबाला अँटेना का बांधू नये? उत्तर: ती उच्च दाबाच्या तारांना लागू शकते. शेजारीच दुसरा प्रश्न आहे, अँटेना तारांपासून किती लांब असावी? उत्तर: एवढी लांब, की ती कोसळली तरी तिचा कुठलाही भाग तारांच्या १० फुटांच्या आत येणार नाही. ‘कोसळली तरी’ हे शब्द नीट वाचा. अंतर मोजायचं ते उभ्या अँटेनापासून नाही, पडणाऱ्या अँटेनापासून. सहा मीटरची काठी उभी करायची तर ती आडवी पडल्यावर कुठवर पोहोचेल, वायरी कुठवर फेकल्या जातील, ते आधी बघायचं आणि वर दहा फूट धरायचे. हा परवाना मिळण्याआधी शिकायचा धडा आहे, आणि मेसेज नेमका त्याच्या उलट सांगतोय.

झाडाचं चालतं. वायर मात्र थेट झाडावर टाकायची नाही. आधी नायलॉनची बारीक दोरी टाकायची, तिच्या टोकाला वजन म्हणून ओळंबा किंवा वाळूची छोटी पिशवी, आणि मग दोरीने वायर वर ओढायची. त्या झाडाच्या फांद्यांतून लाइन गेली असेल तर दुसरं झाड. वळवाचे ढग दिसले, गडगडाट ऐकू आला, तर काठी खाली आणि संच बंद. किल्ल्यावर तटबंदीत खिळे ठोकायचे नाहीत, हे सांगावं लागू नये.

आता लायसन्स. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करतो. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत तरतूद आहे की संकटात सापडलेल्या केंद्राला लक्ष वेधून घ्यायला आणि मदत मागायला हाताशी असेल ते कुठलंही रेडिओ साधन वापरता येतं. जीव धोक्यात असताना परवाना विचारत बसा, असं कोणी म्हणत नाही. पण रविवारी राजगडावर “करून बघणं” म्हणजे संकट नाही. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून परवान्याविना वायरलेस संच नुसता जवळ ठेवणंही गुन्हा आहे. कमी शक्तीच्या काही ठरावीक संचांना सूट आहे. त्यांना बाहेरून वीस मीटर वायर जोडायची मुभा त्यात नाही. “ऑनलाइन मिळतं म्हणजे चालतं” हाही गैरसमज. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकल्याबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा काढल्या त्या उगीच नाही.

आणि अंदमानचा दाखला वाचून तर मला संताप आला. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. त्यांच्याकडे परवाना होता, अंदमानातून प्रक्षेपण करायची सरकारची परवानगी होती, व्हीयू४आरबीआय हे कॉल साइन, म्हणजे केंद्राची अधिकृत ओळखखूण होती. २६ डिसेंबरला भूकंप झाला तेव्हा त्यांचं केंद्र आधीपासून चालू होतं, शॉर्टवेव्हचे संच आणि जागेवर लावून तपासलेल्या अँटेना तयार होत्या. वर्षानुवर्षांच्या सरावामुळे त्या बाईंना त्या दिवसांत मुख्य भूमीपर्यंत निरोप पोहोचवता आले. त्यांचं काम “वायर बांधली आणि झालं” या खात्यात जमा करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

५०० किलोमीटर. ऑनलाइन मिळणारे बहुतेक हँडसेट १४५ किंवा ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. सपाट मैदानात उभ्या असलेल्या दोन माणसांना त्या हिशेबाने दहाएक किलोमीटर मिळतात, मध्ये डोंगर आला की तेही नाहीत. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर उभं राहिलात तर कागदावर १६५ किलोमीटरच्या आसपास क्षितिज मिळतं, म्हणजे उंचीचा फायदा आहे, पण तो डोंगराचा, वायरचा नाही. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची अँटेना जेमतेम अर्ध्या मीटरची असते. तिथे वीस मीटर वायर खुपसून हाती काही लागत नाही, उलट संचातला लहरी बाहेर सोडणारा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

वीस मीटर हा आकडा कुठून आला ते मला कळतं. ७.१ मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी असलेली दोन सारख्या भागांची वायर अँटेना, बरोबर वीस मीटरचा होतो: १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये. त्या बँडवर, म्हणजे त्या लहरींच्या पट्ट्यात, शेकडो किलोमीटर बोलता येतं हेही खरं. पण त्याला शॉर्टवेव्हचा संच लागतो. कोणीतरी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत.

“जितकी उंच तितकी रेंज” हेही इथेच मोडतं. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल पाच-सहा मीटरवर लावला तर लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात, आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात आणि आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरवर पडतात. सह्याद्रीच्या दरीत बसून कोल्हापूर, नाशिक, सोलापूर गाठायचं तर हवं ते हेच, कारण समोरचा डोंगर आडवाच येत नाही. तीच अँटेना वीस मीटर उंच नेली की जोर लांबच्या पल्ल्याकडे झुकतो. अर्थात हे दिवसाचं गणित आहे. रात्री याच बँडवर जवळची केंद्रं बुडतात आणि लांबची येतात.

ट्यूनरबद्दल फार लिहीत नाही. वायरच्या बुडाशीच ट्यूनर असेल आणि जमिनीवर काउंटरपॉइज, म्हणजे अँटेनाची दुसरी बाजू म्हणून काम करणारी वायर पसरली असेल तर आडमाप लांबी चालवून घेता येते. पण संचाशेजारी ट्यूनर आणि पुढे लांब बारीक कोॲक्स (संचापासून अँटेनापर्यंत जाणारी केबल) असेल तर संच खूश दिसतो आणि शक्ती केबलमध्ये तापून जाते. एसडब्ल्यूआर, म्हणजे संचाकडे किती शक्ती परत येते ते दाखवणारा आकडा, चांगला दिसला म्हणजे अँटेना चांगली असं नसतं. ५० ओहमच्या डमी लोडचा (चाचणीसाठी अँटेनाच्या जागी लावायच्या रोधाचा) एसडब्ल्यूआर उत्तमच असतो आणि त्यातून बाहेर काहीच जात नाही.

राहिली पाच मिनिटं. दहा मिनिटांत उभी राहणारी अँटेना खरंच असते, माझी राहते. तो वेग घरच्या तयारीतून येतो. एक स्क्वेअर एमएमच्या वायरचे सव्वादहा मीटरचे दोन तुकडे कापायचे. मधोमध पीव्हीसीच्या तुकड्यावर कोॲक्सचं सॉकेट, टोकांना इन्सुलेटर म्हणून पीव्हीसीचेच तुकडे. मोकळ्या मैदानात फायबरग्लासच्या काठीवर उलट्या व्हीसारखी लावायची, एसडब्ल्यूआर मीटरवर बघायचं आणि दोन्ही बाजू सारख्या, थोड्या थोड्या कापत यायचं. आवरण असलेली वायर सूत्रापेक्षा थोडी कमीच भरते, म्हणून आधी जास्त ठेवायची. मग दोन्ही बाजू पतंगाच्या फिरकीवर गुंडाळायच्या, म्हणजे डोंगरावर गुंता सोडवत बसावं लागत नाही. लावताना टोकं डोक्याच्या वर राहतील अशी दोरीने ताणायची आणि तिथे लाल फडकं बांधायचं. टोकाला प्रक्षेपणाच्या वेळी मोठा दाब असतो. एंड-फेड (वायरच्या एका टोकाला जोडणी असलेल्या) प्रकारात तर १०० वॉटला जोडणीपाशीच पाचशे व्होल्टच्या घरात. हात लागला तर भाजतं.

भाच्याला मी रविवारी काठी, दोरी आणि फिरकी घेऊन माझ्याबरोबर यायला सांगितलंय. संच माझा, कॉल साइन माझं, तो ऐकेल आणि अँटेना उभी करेल. परवान्याच्या परीक्षेला वयाची अट बारा वर्षांची आहे, ती त्याने केव्हाच ओलांडली. रिस्ट्रिक्टेड ग्रेड या परवान्याच्या प्राथमिक श्रेणीला मोर्सही (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही. अर्ज केंद्र सरकारच्या सरल संचार पोर्टलवर भरायचा असतो.