पुढचा ब्रेक जागेवर राहू द्या

‘सायकलने नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांसाठी सात अनुभवसिद्ध नियम’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या यच्चयावत ग्रुपांवर फिरतोय. कुणा ‘ज्येष्ठ सायकलपटूचा’ अनुभव म्हणे. नाव नाही, गाव नाही, शेवटी हात जोडलेले आणि ‘अकरा परिक्रमावासीयांना पाठवा’. मी तो येईल तेव्हा पुसत होतो. पण परवा शहाद्याला बहिणीकडे गेलो, तर भाच्याच्या सायकलला पुढच्या ब्रेकची केबलच नाही. काढून, गुंडाळून, रबरबँड लावून हँडलला लटकवलेली. ‘मामा, पाचवा नियम,’ म्हणाला. दिवाळीनंतर हा गडी ओंकारेश्वरहून निघणार आहे. तेव्हा आता लिहिणं भाग आहे, आणि सुरुवात पाचव्यापासूनच.

नियम पाचवा : ‘घाटात पुढचा ब्रेक दाबला की सायकल उलटते. तो काढून ठेवावा. मागचा ब्रेक वरपासून खालपर्यंत दाबून धरावा.’

तीन वाक्यांत जीव घेण्याची पुरेपूर सोय. ब्रेक लागला की सायकलचं आणि आपलं वजन पुढे झुकतं. पुढच्या चाकाची रस्त्यावरची पकड वाढते, मागच्याची घटते. त्यामुळे मागचा ब्रेक कितीही करकचून दाबा, चाक घसरायला लागतं, सायकल थांबत नाही. कोरड्या सपाट रस्त्यावरसुद्धा नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला साधारण दुप्पट अंतर लागतं. कॅरिअरवर सामान असलं की मागची पकड थोडी वाढते, कबूल. पण उतारावर वजन आधीच पुढे आलेलं असतं, तिथे तो फायदाही पुरत नाही.

हे माझं डोकं नाही. शेल्डन ब्राऊन नावाचा अमेरिकन मेकॅनिक होता, २००८ साली गेला. सायकलच्या नट-बोल्टापासून सगळं त्याने लिहून इंटरनेटवर फुकट ठेवलंय आणि जगभरचे सायकल दुरुस्त करणारे आजही ते वाचतात. त्याचं म्हणणं स्पष्ट आहे: चांगल्या रस्त्यावर सर्वांत लवकर थांबवतो तो पुढचाच ब्रेक. मग माणसं उलटतात कशी? एकदम गच्च दाबतात आणि हात सैल ठेवतात म्हणून. सायकल थांबते, माणूस पुढे जातो. हात ताठ धरा, बूड मागे सरकवा, ब्रेक हळूहळू आवळत न्या. वाळू, खडी, शेण, ओला रस्ता किंवा वळण असेल तिथे पुढचा जपून वापरायचा, एवढंच त्या भीतीमागचं तथ्य. त्यासाठी ब्रेक उपटून टाकणं म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

आता शेवटचं वाक्य, ‘दाबून धरावा’. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरा. ५०० मीटर उंची उतरताना जी ऊर्जा सुटते तिने दीड लिटर पाण्याला उकळी येईल. वेगात उतरलात तर त्यातली बरीचशी वारा खातो. हळूहळू, सतत ब्रेक दाबून उतरलात तर जवळजवळ सगळी रिममध्ये जाते. आणि पुढचा ब्रेक काढलेला, म्हणजे एकाच रिममध्ये. रिम अर्ध्या किलोच्या आसपासची, आत ट्यूब, ट्यूबवर सोल्यूशनने चिकटवलेले पॅच. पॅच सुटतो नाहीतर ट्यूब फुटते, तेही ऐन उतारावर. डिस्क ब्रेक असेल तर ट्यूब वाचते, पण मग पॅड आणि डिस्क तापतात. उपाय साधा आहे. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग तोडायचा, मग सोडायचे. अधूनमधून थांबून रिमजवळ हात न्यायचा. लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. तोरणमाळचा घाट उतरून खाली थांबलात की मी काय म्हणतोय ते कळेल. परिक्रमेत तर अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, आणि चढलेलं सगळं कधीतरी उतरायचंच असतं.

केबल मी तिथेच बसवून घेतली. पुढे जाऊ.

नियम दुसरा : ‘आपल्याकडच्या उन्हात ट्यूब फुटते, म्हणून निम्मीच हवा भरावी.’

मे महिन्यात भुसावळ-जळगावात राहिलेल्या कुणालाही हे पटेल, म्हणून तर ते चालतं. पण हिशोब करून पाहा की. २० अंशांना ६० पीएसआय (पंपावरचा हवेच्या दाबाचा आकडा) भरलेली ट्यूब ५० अंशांपर्यंत तापली तर दाब ६७-६८ होतो. आठएक पीएसआयने चांगलं टायर फुटत नाही. उन्हात फुटलेल्या ट्यूबमागे बहुतेक वेळा कड सुटलेलं किंवा बाजूने तडकलेलं टायर असतं, आणि खापर उन्हावर फुटतं. उलट निम्म्या हवेवर वीस किलो सामान लादून खड्ड्यात गेलात की ट्यूब रिम आणि दगडामध्ये चेचली जाते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. टायरच्या बाजूवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. सामान असेल तर मागचं चाक त्यातल्या वरच्या आकड्याजवळ, पुढचं थोडं कमी. आणि हो, परिक्रमा चातुर्मास संपल्यावर सुरू होते. त्या दिवसांत धुळ्याचा पारा पहाटे एक आकडी होतो. कुठलं ऊन घेऊन बसलात?

नियम चौथा : ‘चाकाच्या तारा सैल ठेवाव्यात, म्हणजे खड्डे सोसतात.’

हा वाचून मी खरोखर हसलो. सायकलचं चाक ताणावर उभं असतं. चाक फिरताना जमिनीकडची तार क्षणभर सैल पडते, वर गेली की पुन्हा ताणली जाते. चाकाचा घेर दोन मीटरच्या थोडा वर, म्हणजे किलोमीटरला पावणेपाचशे फेरे. परिक्रमा तीन हजार किलोमीटर धरा, तर चौदा लाख वेळा. आधीच सैल असलेली तार दर फेऱ्याला पूर्ण ढिली पडून पुन्हा खेचली जाते, आणि चाकाच्या मधल्या हबपाशी जिथे वाकलेली असते तिथे एक दिवस टचकन तुटते. ती बहुधा मागच्या चाकाची, चेनच्या बाजूची निघते. तिथेच ताण जास्त आणि तिथेच फ्रीव्हील, म्हणजे मागची दात्यांची चकती, काढल्याशिवाय नवी घालता येत नाही. निघण्याआधी चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढून घ्या. तारा सारख्या ताणायला सांगा, नंतर बोटाने छेडून पाहा. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जवळपास सारखा लागला पाहिजे. जिचा आवाज भद्द येतो ती सैल. आपल्या बाजारपेठांत जुने कारागीर हे काम कानानेच करतात. त्यांना विचारायचं सोडून लोक मोबाइलला विचारतात.

नियम तिसरा : ‘चेन आयुष्यभराची असते, शेंगदाणा तेल सोडत राहावं.’

शेंगदाणा तेल आपल्याकडे घराघरात असतं, म्हणून ते चेनला चालतं असं नाही. खायचं तेल हवेत हळूहळू चिकट होतं, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि चेनवर घासायची लेई तयार होते. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे सुद्धा तेल म्हणून वापरू नका. १९५३ साली ते पाणी हटवायला बनवलं गेलं, टिकाऊ वंगण म्हणून नव्हे. रॉकेलने धुवा, पुसून वाळवा, चेनचं किंवा शिलाई मशीनचं हलकं तेल कडीकडीला थेंब-थेंब सोडा आणि वरचं सगळं पुसून काढा. तेल आत हवं, वर नको.

आणि चेन झिजते. मोजायला फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. पुन्हा शेल्डन ब्राऊनच: बारा इंच आणि वर एक षोडशांश झालं की चेन बदला. एक अष्टमांशावर गेली तर तिने दातेही खाल्लेले असतात, मग फ्रीव्हीलसकट खर्च. भाच्याची मोजली. एक षोडशांशाच्या पुढे होती. ‘आयुष्यभराची’ चेन शहाद्याजवळच्या प्रकाशा गावापर्यंतही दाते खात गेली असती.

नियम पहिला : ‘लोखंडी सायकलच न्यावी.’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. लोखंडी फ्रेम किंवा कॅरिअर मोडलं तर गेट-खिडक्या बनवणारा कुठलाही वेल्डिंगवाला जोडून देतो, अ‍ॅल्युमिनियमचं तसं होत नाही. पण फ्रेम क्वचितच मोडते हो. वाटेत दगा देतात ते कॅरिअरचे बोल्ट. खडबडीत रस्त्यावर ते आपोआप फिरून सुटतात. नायलॉनच्या कड्याचे नट घाला आणि मुक्कामाला पोचल्यावर अ‍ॅलन कीने एकदा आवळा. कॅरिअरवर किती किलो चालतं ते छापलेलं असतं, अनेकांवर २५. तो आकडा शोभेसाठी नसतो.

नियम सहावा : ‘बाभळीच्या काट्यांसाठी टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी घालावी.’ हेही चालतं, पट्टीच्या कडा ट्यूबला घासत नाहीत ना तेवढं पाहा. महामार्गावर मात्र ट्रकच्या फुटलेल्या टायरांतल्या बारीक तारा काट्यांपेक्षा जास्त छळतात. डोळ्यांना दिसत नाहीत आणि नवी ट्यूबही लगेच भोसकतात. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तार असेल तिथे कापूस अडकतो. खानदेशात कापूस कुठे मिळेल हे सांगायला नको.

नियम सातवा : ‘सुटं सामान नेऊ नये, टायर-ट्यूब कुठल्याही गावात मिळते.’

मिळते, काळ्या घोडा सायकलची, म्हणजे जुन्या साध्या २८ इंचीची. गिअरच्या सायकलींचं ७०० चं टायर रिमवर ६२२ मिलिमीटरला बसतं. जुन्या २८ इंची सायकलचं ६३५ ला. दुकानदार ‘अठ्ठावीसचंच आहे, बसेल’ म्हणतो, पण ते बसत नाही. २६ चा घोळ तर आणखी मोठा. एमटीबीचं (माउंटन बाइकचं) ५५९, साध्या सायकलचं ५९०, आणि दोन्हींवर छापलेलं २६. टायरच्या बाजूवर ‘३५-६२२’ असा जोडआकडा असतो, त्यातला दुसरा आकडा जुळला तरच विकत घ्या. एक घडीचं टायर, दोन ट्यूब, मागच्या चाकाच्या मापाच्या चारपाच तारा, ब्रेक आणि गिअरची एकेक केबल, ब्रेकचे रबर. हे सगळं मिळून किलोभराच्या आसपास होतं. ज्येष्ठ सायकलपटूंना हे ओझं वाटत असेल, तर त्यांनी धडगावच्या बाजारात ६२२ चं टायर शोधून दाखवावं. मिळालं तर बिल मी भरतो.