अ‍ॅडमिन आपोआप कटातला आरोपी होत नाही

‘ग्रुपवर कुणीही आक्षेपार्ह पोस्ट टाकली की अ‍ॅडमिन कटात सामील. वाचून गप्प बसणारेही आरोपी.’ हा मेसेज आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि तासाभरात अ‍ॅडमिनकाकांनी सगळ्यांचं लिहिणं बंद केलं. टँकर आला नाही, एवढंही कुणाला कळवता येईना.

आधी अ‍ॅडमिनचं बघू. गोंदिया जिल्ह्यात एका सदस्याने ग्रुपमधल्या महिलेबद्दल अश्लील लिहिलं. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून त्याच्यावरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१मध्ये अ‍ॅडमिनविरुद्धचा खटला रद्द केला. अ‍ॅडमिन माणसं घेतो आणि काढतो. कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही. दोघांचा समान इरादा, आधी ठरलेला बेत दिसला तरच त्याच्यावर जबाबदारी येते.

गप्प बसणाऱ्यांचं तर सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी आधी सांगितलंय. राजीव गांधी हत्या खटल्यात विशेष न्यायालयाने २६ जणांना फाशी सुनावली होती. मे १९९९मध्ये त्यातल्या १९ जणांना हत्येच्या कटाच्या आरोपातून मुक्त केलं गेलं. कटवाल्यांशी संबंध होता, एवढ्यावर कटातला सहभाग सिद्ध होत नाही. इतक्या भयंकर गुन्ह्यातही ही कसोटी सैल झाली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

मेसेजमध्ये खरं एवढंच, की कट शब्दांनी होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६१नुसार दोघांनी गुन्हा करायचं ठरवलं की ते ठरवणंच गुन्हा. पुढे काही घडलं नाही तरी. ‘रात्री त्याचं दुकान जाळू, पेट्रोल मी आणतो’ आणि खाली ‘येतो’, हा कट. ‘त्याच्याकडून मी काही घेणार नाही’ हे मत.

‘बोलायचं स्वातंत्र्यच उरलं नाही’ हेही त्यात होतं. ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, एकीला फेसबुक पोस्टसाठी, दुसरीला ती लाइक केल्याबद्दल. पण त्यानंतरच ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिणं गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६६अ कलमाला आव्हान दिलं गेलं आणि मार्च २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा कितीही अप्रिय पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी वेगळी, असं न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केलं.

नागपूरचा निकाल काकांना पाठवलाय. अश्लील लिहिणाऱ्याला जरूर काढा, पण ग्रुप आज रात्रीच उघडा. उद्या सकाळी टँकरचा पत्ता लागायला हवा.