व्हिकर, हवेली आणि पन्नास लक्स

आपल्याकडच्या लग्नात फोटोग्राफर म्हणजे राजा. "गुरुजी, थांबा जरा. वहिनी, हार परत घाला," असं तो फर्मावतो आणि गुरुजी मुकाट थांबतात. इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चमध्ये शिरताच त्याचं राज्य खालसा होतं. व्हिकर, म्हणजे तिथले पाद्री, गोड हसून सांगतात: फ्लॅश नाही, हलायचं नाही, खांबाच्या पुढे यायचं नाही. नवरानवरीची परवानगी आपल्या खिशात असते. बाकी कुणाचीच नसते.

म्हणून लेन्स पुसायच्या आधी व्हिकरना फोन करावा आणि लग्नाच्या तालमीच्या दिवशीच उभं राहायची जागा ठरवून घ्यावी, असं माझं मत. मागून ७०-२०० ची, दूरचं जवळ आणणारी लेन्स लावायची, शटर निःशब्द. पण दिवे एलईडी असतील तर निःशब्द शटरने फोटोत आडवे पट्टे उमटतात, तेव्हा दोन फोटो आधी काढून बघावेत. नवरी मधल्या वाटेने येऊ लागली की कुणाचा तरी आयपॅडवाला हात आडवा येतो. त्यावर कोणत्याही कंपनीने अजून लेन्स काढलेली नाही.

मग लग्नाच्या नोंदीच्या सह्या. ४ मे २०२१ पासून तिथे जाडजूड रजिस्टर गेलं आणि एक कागद आला. त्यावर घरादाराचे तपशील असतात, त्यामुळे बरेच व्हिकर त्याचा फोटो काढू देत नाहीत. कोरा कागद पुढे ठेवून नवरी टोपण लावलेल्या पेनाने सही करते आणि अल्बममध्ये तोच फोटो सगळ्यात अस्सल दिसतो.

बाहेर पाकळ्या उधळायच्या. पाहुण्यांच्या दोन रांगा, जोडप्याने सावकाश चालायचं, शटर १/८०० सेकंद आणि सक्त ताकीद: वर उडवा, तोंडावर मारू नका. तरी एक काका पहिल्याच पावलाला अख्खी मूठ नेम धरून मारतात. नवरीचे डोळे मिटलेले, पुढच्या वीस पावलांना पाकळ्या शिल्लक नाहीत.

खरी कसोटी मेजवानीच्या जुन्या हवेलीत. रेशीम, विणलेले भित्तिपट, जलरंग यांना साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड नको, तैलचित्रांना २०० चालतो, हा तिथला दंडक. त्यामुळे खिडक्यांचे पडदे अर्धे खाली. ५० लक्सला कॅमेऱ्याचा हिशेब असा: आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२००, एफ (लेन्सचं तोंड किती उघडं ते) २.८, शटर १/८० सेकंद. भाषण करणारा माणूस हातवारे न करणारा असेल तर जमलं. फ्लॅश छतावर आपटावा म्हणाल, तर छत वीस फूट उंच. उजेड तिथवर जाऊन परत येईपर्यंत दमतो आणि वाटेत ओकच्या फळ्या लागल्या की चेहऱ्यांवर कावीळ घेऊन उतरतो. मग दाराच्या चौकटीआड छत्रीवाला एक फ्लॅश ठेवावा, तोही हवेलीच्या राखणदारबाई हो म्हणाल्या तर. स्टँडच्या पायांना टेनिसचे चेंडू लावून न्यावेत. जुन्या फरशीकडे बघणारी त्यांची नजर त्याने थोडी निवळते.

ग्रुप फोटोला दर जथ्यामागे तीन मिनिटं धरा. आठ जथे, चोवीस मिनिटं, वर बारमधून मामा शोधायला दहा. यादी नवरीच्या खमक्या मैत्रिणीकडे द्यावी. पाहुण्यांची नावं आपल्याला कुठली ठाऊक? उन्हाकडे पाठ करून उभं करावं, नाहीतर रुंद टोप्यांखाली फक्त हनुवट्या दिसतात.

डिसेंबरचं लग्न मात्र जपून घ्या. १८८६ पर्यंत इंग्लंडात लग्न दुपारी १२ च्या आत लावावं लागे. फोटोग्राफरच्या हिताचा तो शेवटचा कायदा. १९३४ पासून मुदत संध्याकाळी ६ वर गेली. लंडनला डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो. दोनचा मुहूर्त, तीनला पाकळ्या, साडेतीनला हवेली, आणि अंगणात अंधार.

जेवणाचं करारातच लिहून घ्या: गरम, आणि मुख्य टेबलाबरोबरच. स्वयंपाकघर आपल्याला शेवटी वाढतं, आणि काटा उचलला की नवरीचे वडील भाषणाला उभे राहतात. नुसतं 'जेवण' लिहिलंत तर सँडविच येतं.