हिटलरनं महागाई थांबवली म्हणे!

सकाळी सातला तात्यांचा फोन. "गुजरीत सोन्याचा भाव काय निघालाय बघून सांग. एफडी मोडतोय." गुजरी म्हणजे आमच्या कोल्हापूरची सराफ पेठ, आणि तात्या म्हणजे माझे चुलते. बावड्यात दीड एकर ऊस, आणि आजवर एकही एफडी मुदतीआधी मोडलेली नाही. काय झालं विचारलं, तर त्यांनी मेसेज धाडला.

तुम्हालाही आला असेल. वर तिरंगा, खाली जोडलेले हात. म्हणणं असं: देश बुडायला लागला की संसद आणि विरोधक परवडत नाहीत. हिटलरनं जर्मनीची महागाई थांबवली. जपान कुणाच्या मदतीशिवाय उभा राहिला. १९९१ ला आपल्या पुढाऱ्यांनी सोनं गहाण टाकून देश विकला. कोल्हापूर शाहू महाराजांनी एकट्यानं घडवलं. म्हणून एकाच माणसाच्या हाती कारभार द्या, आणि नोटांची रद्दी व्हायच्या आत बँकेतले पैसे काढून सोनं घ्या.

हिटलरचं आधी निस्तरू, कारण इतकं धडधडीत खोटं सकाळी सकाळी पचत नाही. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. सरकारला खर्च भागवायला कर पुरत नव्हता, म्हणून नोटा छापणं चालू होतं. १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं. एक लाख कोटी जुन्या मार्कांना एक नवा. ते टिकलं, कारण किती छापायचं याला मर्यादा घातली, मध्यवर्ती बँकेनं सरकारला उसनं देणं थांबवलं आणि सरकारी नोकरकपात झाली. हिटलर तेव्हा कुठं होता? ८-९ नोव्हेंबरला म्युनिकमधलं त्याचं बंड फसलं, ११ ला अटक झाली. नवी नोट आली त्या दिवशी गडी कोठडीत होता! चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला ३० जानेवारी १९३३ ला. तेव्हा दुखणं उलटं होतं: भाव कोसळलेले आणि साठ लाखांच्या घरात बेकार. थांबवायला महागाई होतीच कुठं?

जपानला अमेरिकेची मदत होती, १९५० पासून कोरियातल्या युद्धाच्या ऑर्डरीही मिळाल्या. पुढं चला.

१९९१ चं सोनं खरंच गेलं, हे कबूल. सुमारे ४७ टन, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं तारण म्हणून. पण तारण म्हणजे विक्री नव्हे, हे गुजरीत बसणाऱ्या कुणालाही विचारा. ते कर्ज फिटलंही. २४ जुलै १९९१ चं मनमोहन सिंग यांचं अर्थसंकल्पी भाषण आजही वाचायला मिळतं. परकीय चलनाचा साठा अडीच हजार कोटींच्या आसपास, म्हणजे जेमतेम पंधरवड्याच्या आयातीपुरता, असं त्यात सरळ सांगितलंय. आणि हे सांगणारं सरकार अल्पमतातलं होतं.

त्याच भाषणात खताचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले होते. तात्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. संसदेत ओरड झाली, ऑगस्टमध्ये वाढ ३० टक्क्यांवर आली आणि अल्पभूधारकांना वगळलं गेलं. विरोधक हे असे कामाला येतात. आता श्रीलंका बघा. तिथं २०२० मध्ये घटनादुरुस्ती करून अध्यक्षांच्या हाती जादा अधिकार दिले. २०२१ मध्ये त्यांनी रासायनिक खताची आयातच बंद केली. "साहेब, भात काय येणार?" असं विचारून थांबवणारा कुणी नव्हता. पीक घटलं, काही महिन्यांत बंदी मागं घ्यावी लागली. आधीची करकपात, घटलेलं पर्यटन आणि कर्जाचा डोंगर होताच. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थकले, जुलैत अध्यक्ष देश सोडून पळाले. मेसेजात श्रीलंका का नाही, ते कळलं ना?

शाहू महाराजांचं अर्धं खरं आहे, आणि ते नाकारायला मी काही वेडा नाही. ते राजे होते, मतं मागायला त्यांना कुणाच्या दारात जावं लागलं नाही. पण १९०२ चं आरक्षण, १९१७ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, बोर्डिंगं हे सगळं खालच्यांना वर आणायला होतं. आणि राधानगरीचं धरण १९०९ ला सुरू होऊन त्यांच्या हयातीत पुरं झालंच नाही. ते मागच्यांनी पुरं केलं.

राहिली रद्दी. जर्मनीत ठेवीदार खरंच धुऊन निघाले होते. पण सरकारला लागेल तेव्हा रिझर्व्ह बँकेकडून आपोआप पैसे उचलायची सोय आपल्याकडं १९९७ ला बंद झाली, आणि २०१६ पासून महागाईचं लक्ष्य कायद्यानं ठरतं: ४ टक्के, दोन टक्के इकडं-तिकडं. सोनं घ्यायचं तर घ्या, पण दंड भरून एफडी मोडून नको.

तात्यांना फोनवर हे सगळं ऐकवलं. हिटलरला ते फक्त "हं" म्हणाले. खताशी आल्यावर मात्र म्हणाले, "हे आधी सांगायचं की रे." एफडी मोडायचा फॉर्म फाडलेला नाही, पिशवीत घडी करून ठेवलाय. आणि सोन्याचा भाव मला अजून सांगायचाच आहे.